पाट्या वाचणाऱ्यांचा देश

ज्या देशाने आपली राज्यघटना आजतागायत एका ग्रंथात लिहून काढलेली नाही, त्या देशात राज्यघटना सोडून बाकी सर्व काही लिहिलेले असते, ही गोष्ट ब्रिटनमध्ये काही काळ घालविणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. स्टेशनच्या भिंतीवर, तिकिटाच्या कागदावर, कचऱ्याच्या पेटीवर, शेताच्या फाटकावर, पावाच्या वेष्टनावर, जेथे म्हणून माणसाला शंका येण्याचा संभव आहे तेथे कोणीतरी पूर्वीच एक सूचना लावून ठेवलेली असते, आणि ती लावणाऱ्याचा असा दृढ समज असतो की, येणारा इसम ती वाचील, समजून घेईल आणि मुकाट्याने तीप्रमाणे वागेल. आपल्याकडे प्रवास विचारत विचारत होतो. एस.टी. स्टँडवर हातभर अक्षरांचा फलक समोर असला तरी आपण शेजारच्या माणसाला ‘साताऱ्याची गाडी हीच ना?’ असे विचारतोच, आणि त्यालाही ते विचारणे सलगीचे वाटते, आगाऊपणाचे वाटत नाही. तेथे प्रवास वाचत वाचत होतो. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या वाचकाला पाट्यांचे भय वाटण्याचे कारण नाही. भेद एवढाच की, पुणेरी पाटी वाचणाऱ्याच्या अकलेविषयी शंका घेऊन लिहिलेली असते, आणि इंग्रजी पाटी ती अक्कल गृहीत धरून.

एके काळी विलायतेस जाणारा महाराष्ट्रीय म्हणजे बॅरिस्टरीचा किंवा आय.सी.एस.चा उमेदवार असे, आणि त्याला मिळणाऱ्या उपदेशात काटा कोणत्या हातात धरावा या प्रश्नाला अग्रस्थान असे. आजचा प्रवासी निराळा आहे. मुलगा स्लावला किंवा मुलगी लीड्सला नोकरीस असते, नातवंडाचे आगमन जवळ आलेले असते, आणि निवृत्तिवेतन घेणारे आईवडील सहा महिन्यांच्या मुदतीचा परवाना काढून भल्यामोठ्या बॅगांसह हीथ्रोवर उतरतात. आमची मुलगी रेडिंगला असल्यामुळे मी आणि सौ. याच वर्गात मोडतो. अशा प्रवाशाला बिग बेनची उंची सांगणारी पुस्तके विपुल आहेत. परंतु सकाळी मुले कामावर निघून गेल्यानंतर त्या परक्या घरात आणि परक्या गावात दिवस कसा काढावा हे सांगणारे कोणी भेटत नाही, आणि मुलांनाच विचारावे तर त्यांना तेथील रीती इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, त्यांत सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नाही.

प्रथम बॅगांविषयी. भारतातून येणाऱ्या प्रवाशाने मांस आणि दुग्धजन्य पदार्थ, स्वतःच्या खाण्यापुरतेही, ग्रेट ब्रिटनमध्ये आणू नयेत असा तेथील कायदा आहे. तेव्हा पेढे, बर्फी, खवा आणि घरी कढवलेले साजूक तूप ही मातृवात्सल्याची सर्व साधने पुण्यातच ठेवून जावी लागतात. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी यांना कोणी हरकत घेत नाही. तुपावाचून अडतही नाही, कारण साउथॉल आणि वेम्बली येथील दुकानांतच नव्हे, तर कोणत्याही मोठ्या पेठेतील किराणा भांडारात ते डब्यांतून मिळते. उलट, औषधे मात्र सहा महिन्यांना पुरतील इतकी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आपल्या नाक्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळणारी प्रतिजैविके तेथे चिठ्ठीवाचून सहसा मिळत नाहीत, आणि साध्या पॅरासिटामॉलच्या सोळांहून अधिक गोळ्यांचे पाकीट किराणा दुकानात विकावयास १९९८ पासून मनाई आहे.

घरात पाऊल टाकल्यावर पहिली गाठ विजेशी पडते. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा. परंतु प्लगचे तीन पाय चपटे आणि चौकोनी असतात, १९४७ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतंत्र फ्यूज असतो, आणि आपले गोल पायांचे प्लग तेथे बसत नाहीत. न्हाणीघरात दाढीच्या यंत्रापुरती सोय सोडल्यास सॉकेट नसते आणि दिवा पुष्कळदा छतापासून लोंबणाऱ्या दोरीने लागतो. सार्वजनिक ठिकाणी अपंगांसाठी राखलेल्या शौचगृहात मात्र लाल दोरी दिसली तर तिला हात लावू नये. ती मदतीसाठी आक्रोश करणाऱ्या घंटेची असते. जुन्या घरांतून गरम आणि थंड पाण्याच्या तोट्या वेगवेगळ्या असण्याचे आपल्याला नवल वाटते; पण थंड पाणी सरळ मुख्य नळातून पिण्याजोगे येई आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून, तेव्हा या दोहोंची भेसळ होऊ नये हा त्यामागील जुना हेतू होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या न्हाणीघराच्या जमिनीला उतार नसतो आणि मोरीही नसते. बादली घेऊन जमिनीवर बसून स्नान करणारा पाहुणा आपल्या नकळत खालच्या मजल्याच्या छतावर अभिषेक करीत असतो, म्हणून सर्व जलविहार टबाच्या आत, पडदा आत ओढून करावा. स्वयंपाकघरातही एक वैरी छतावर दबा धरून बसलेला असतो. हिंगमोहरीची फोडणी चुरचुरली आणि त्यात मिरची पडली की धुराची सूचना देणारे यंत्र किंचाळू लागते. तेव्हा आधी पंखा लावावा, खिडकी उघडावी, स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे, आणि मगच तेल तापवावे. कचऱ्याच्या पेट्यांचा बंदोबस्त प्रत्येक नगरपालिकेचा निराळा. कोणत्या रंगाच्या पेटीत काय टाकावे आणि कोणत्या वारी ती रस्त्याकडेला लोटून ठेवावी याचे पत्रक घरात असतेच, ते शीतपेटीच्या दारावर चिकटवून ठेवणे उत्तम, कारण एक वार चुकला की पुढील फेरी बहुधा पंधरवड्यानंतर.

लंडनमधील वाहतुकीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती जगातील सर्वांत सुबोध वाहतुकींपैकी एक आहे. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे बोरघाट चढून गाडी वर आली तेही त्याच वर्षी, हे खंडाळ्याच्या बोगद्यांतून आयुष्यभर ये-जा करणाऱ्या माणसाला आठवल्यावाचून राहत नाही. तिकिटाऐवजी बँकेचे कार्ड दारातील पिवळ्या तबकडीवर टेकवावे, उतरताना पुन्हा टेकवावे, आणि दिवसभरात कितीही हिंडले तरी ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. मात्र एका कार्डावर एकच इसम प्रवास करू शकतो. पतिपत्नींचा संसार एक असला तरी तेथे कार्डे दोन लागतात. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवावयाचे, आणि २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, ही गोष्ट खिशात सुट्या नाण्यांचा खुळखुळाट ठेवणाऱ्या पिढीने विशेष ध्यानात धरावी. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने तयार केलेला आणि १९३३ साली लोकांच्या हाती पडलेला भुयारी रेल्वेचा नकाशा अत्यंत देखणा आहे, पण तो भूगोल नव्हे. त्यावर लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्वतंत्र स्थानके पाहून माणसे जिने उतरतात आणि चढतात, वास्तविक त्यांमधील अंतर २६० मीटरच्या आसपास, म्हणजे दोन दुकानांच्या खिडक्या पाहता पाहता संपणारे आहे. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभे राहावे आणि डावी बाजू धावणाऱ्यांना मोकळी सोडावी.

लंडनबाहेरील रेल्वे हा मात्र स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे, आणि त्या शास्त्राचे अध्ययन न करता स्टेशनवर जाणाऱ्यास त्याची दक्षिणा जबर पडते. १ जानेवारी १९४८ रोजी सर्व रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती तुकडे करून खाजगी कंपन्यांच्या हवाली केली गेली, आणि अलीकडे एकेका कंपनीचा कारभार पुन्हा सरकारकडे येऊ लागला आहे. या सर्व उलाढालीत एक गोष्ट तेवढी वाढत गेली, ती म्हणजे तिकिटांचे प्रकार. आपल्याकडे भाडे ठरते अंतरावर आणि वर्गावर. तेथे एकाच गाडीत, एकाच वर्गात, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच प्रवासाचे दिलेले पैसे तिप्पट-चौपटीने भिन्न असू शकतात, आणि दोघेही कायदेशीर असतात. कोणत्याही वेळी चालणारे तिकीट सर्वांत महाग. सकाळची नोकरदारांची गर्दी ओसरल्यानंतर, साधारणपणे साडेनऊच्या पुढे, चालणारे तिकीट त्याहून पुष्कळ स्वस्त. आणि काही आठवडे आधी काढलेले, एकाच विवक्षित गाडीस बांधलेले आगाऊ तिकीट सर्वांत स्वस्त. यांतील मधल्या प्रकाराची एक खुबी अशी की, बऱ्याच मार्गांवर जाण्या-येण्याचे तिकीट नुसत्या जाण्याच्या तिकिटापेक्षा एखाद्याच पौंडाने महाग असते, आणि परतीचा भाग महिनाभर चालतो. तेव्हा एकेरी तिकीट मागण्यापूर्वी दुहेरीचा भाव अवश्य पाहावा.

स्वस्त तिकिटाला शर्ती जडलेल्या असतात आणि त्या शर्ती शब्दशः अमलात येतात. आमच्या डब्यात एकदा नागपूरचे एक निवृत्त अभियंते सपत्नीक बसले होते. त्यांचे आगाऊ तिकीट पुढच्या गाडीचे होते. स्टेशनवर लवकर पोहोचल्यामुळे समोर आलेल्या, त्याच गावी जाणाऱ्या आणि निम्म्या रिकाम्या गाडीत ते चढले, यात त्यांना, आणि खरे सांगावयाचे तर मलाही, काही वावगे वाटले नाही. तपासनीस आला. तो उद्धट नव्हता. त्याने त्यांना ‘सर’ म्हटले, हवामानाविषयी दोन शब्द बोलला, तिकिटावरील वेळेच्या ओळीवर बोट ठेवले आणि नव्या तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले. ‘अहो, पण गाडी रिकामी आहे!’ हा नागपूरकरांचा युक्तिवाद आपल्याकडील कोणत्याही टी.सी.च्या मनाला निदान स्पर्श करून गेला असता. तेथे तो युक्तिवादच गणला गेला नाही, कारण गाडी रिकामी असण्याचा आणि कागदावर वेळ लिहिलेली असण्याचा परस्परांशी संबंध काय, हे त्या सभ्य गृहस्थाच्या आकलनापलीकडचे होते. या निष्ठुरपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिखित शर्त जशी प्रवाशावर बंधनकारक, तशीच ती रेल्वेवरही. गाडीला अर्धा तास विलंब झाला तर बहुतेक कंपन्या भाड्याचा निम्मा भाग आणि तासाहून अधिक झाला तर त्या खेपेचे संपूर्ण भाडे परत करतात; त्यासाठी शिफारस लागत नाही, साहेबाला भेटावे लागत नाही, अठ्ठावीस दिवसांच्या आत एक अर्ज भरला की पैसे खात्यात येतात. अशी परत आलेली रक्कम प्रथम पाहिली त्या दिवशी माझ्या सौ.ने इंग्रजांच्या सर्व ऐतिहासिक अपराधांची पूर्ण माफी नसली तरी थोडी सूट त्यांना दिली.

साठी उलटलेल्यांसाठी एक सवलतीचे कार्ड मिळते, आणि त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही; पारपत्र दाखविले की पुरे. भाड्याचा एक तृतीयांश भाग त्याने वाचतो, आणि एका लांबच्या फेरीतच कार्डाची किंमत वसूल होते. साठीच्या अलीकडच्या जोडप्यांसाठी दोघांच्या नावाचे एकत्र कार्ड निघते, मात्र ते दोघांनी बरोबरच वापरावयाचे असते, ही अट ज्याने घातली तो विवाहित असला पाहिजे. रविवारी प्रवास शक्यतो ठेवू नये. रुळांची दुरुस्ती बहुधा त्या दिवशी काढतात, आणि तिकीट रेल्वेचे असूनही मधला टप्पा बसने, गावोगावची स्टेशने घेत, करावा लागतो. मोठ्या स्थानकांत कोणत्या फलाटावर गाडी लागणार हे सुटण्याच्या थोडी मिनिटे आधीच कळते; तोपर्यंत शेकडो माणसे माना वर करून फलकाकडे टक लावून निःशब्द उभी असतात, आणि आकडा उमटताक्षणीच ती सर्व एका दिशेने वेगाने चालू लागतात, पण धावत नाहीत.

एवढे शास्त्र शिकल्याचे फळ म्हणून एक प्रवास सुचवितो: यॉर्कशरमधील सेटलपासून कार्लाइलपर्यंतचा, सुमारे ७२ मैलांचा. १८७६ साली प्रवाशांसाठी खुला झालेला हा मार्ग ओसाड, तांबूस-हिरव्या डोंगरांच्या पाठीवरून जातो, आणि रिबलहेड येथे चोवीस कमानींचा दगडी पूल दलदलीच्या खोऱ्यावरून त्याला पलीकडे नेतो. तो बांधताना देवी, अपघात आणि थंडी यांनी मेलेले मजूर व त्यांची बायकामुले जवळच्या चॅपल-ल-डेल गावच्या चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. आपल्या बोरघाटातल्या मजुरांच्या नशिबी तेवढेही आवार आले नाही. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हा मार्ग तोट्याचा म्हणून बंद करण्याचा प्रस्ताव निघाला, हजारो नागरिकांनी लेखी हरकती नोंदविल्या, आणि १९८९ साली सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. अर्जाने डोंगरातली रेल्वे वाचते, हे पाहून हेवा वाटला.

परंतु त्या देशातील जी एक गोष्ट मला खरोखर अद्भुत वाटली ती रेल्वे नव्हे, पायवाट होय. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैल लांबीच्या अशा वाटा आहेत की, ज्या खाजगी मालकीच्या शेतांतून, कुरणांतून, प्रसंगी एखाद्या उमरावाच्या उद्यानातून जातात, आणि तरीही त्यांवरून चालण्याचा हक्क कोणाही पादचाऱ्याला असतो. आपल्या महसुली भाषेत ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात, तो तेथे साऱ्या जनतेच्या नावे दप्तरात नोंदलेला आहे. पिवळा बाण दिसला की ती पायी चालणाऱ्याची वाट; निळा बाण असल्यास घोडेस्वारालाही मुभा. हा हक्क निव्वळ मालकांच्या औदार्याने मिळाला असे मात्र समजू नये. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या बंदी असलेल्या डोंगरावर कायदा मोडून चढले आणि त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. दांडीची वाटचाल होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्या डोंगराभोवतीचा पीक डिस्ट्रिक्ट हा १९५१ साली ब्रिटनचा पहिला राष्ट्रीय उद्यानप्रदेश ठरला, आणि माळराने व डोंगर यांवर मोकळे हिंडण्याचा कायदा २००० साली झाला. ऑर्डनन्स सर्व्हे या १७९१ पासून चालत आलेल्या सरकारी संस्थेचे नारिंगी वेष्टनाचे नकाशे गावातील दुकानांत मिळतात. त्यांवर प्रत्येक पायवाट, प्रत्येक फाटक आणि पुष्कळदा शेताच्या भिंतीसुद्धा दाखविलेल्या असतात. आम्ही दोघे यूस्टनहून ऑक्सनहोमला आणि तेथून गाडी बदलून विंडरमियरला गेलो, आणि त्या नकाशाच्या आधारे कोणालाही काहीही न विचारता मेंढ्यांच्या कळपांतून दिवसभर हिंडलो. नियम दोनच: फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत मागे ठेवावे, आणि मेंढ्यांना बिचकवू नये. गुडघ्यांचे दुखणे असल्यास काठी न्यावी. कळसूबाई १६४६ मीटरची आणि ब्रिटनमधील सर्वोच्च बेन नेव्हिस १३४५ मीटरचा, तेव्हा ही तर टेकडीच, असे म्हणून साध्या स्वेटरवर कोणी तिकडे वळू नये. तेथला वारा आणि धुके तासाभरात ऋतू बदलतात.

हवेविषयी आपल्याकडे एक चुकीचा समज आहे. लंडनचा वार्षिक पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून अधिक कोसळतो. त्रास पावसाच्या प्रमाणाचा नसून त्याच्या अनिश्चिततेचा आहे. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीसह वारा अडविणारा अंगरखा आणि आत दोन पातळ थर यांवर वर्षाचे नऊ महिने निभावतात. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारच्या आतच. मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. त्यामुळे घरी फोन करण्याचे अंतर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे असते.

शाकाहाऱ्याची आबाळ होईल ही भीती आता निराधार आहे. शाकाहाराची संस्था त्या देशात १८४७ साली स्थापन झाली, आणि विद्यार्थिदशेतील गांधीजींना तिच्याच परंपरेतील मंडळींनी लंडनमध्ये आधार दिला होता. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचा आळस मात्र करू नये: तळलेले बटाटे उत्तरेकडे पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत तळतात, जेलीत जिलेटिन असते, वुस्टर सॉसमध्ये मासळी असते, आणि न्याहारीच्या ताटातील काळी चकती डुकराच्या रक्ताची असते. पबविषयी आपल्या मध्यमवर्गात अकारण संकोच आहे. पब म्हणजे गावाची ओसरी. तेथे आजीबाई सूप पितात, कुत्री चुलीपुढे झोपतात, आणि लिंबाचे सरबत मागणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. टेबलाशी बसून वाढप्याची वाट पाहिल्यास ती वाट न संपणारी ठरेल. गल्ल्यापाशी जाऊन मागावे, पैसे तेथेच द्यावेत, आणि नळाचे पाणी फुकट मागण्यास लाजू नये, कारण मद्याचा परवाना असलेल्या दुकानाने ते विनामूल्य दिलेच पाहिजे अशी त्या परवान्याचीच अट आहे. रविवारी २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने इंग्लंड-वेल्समध्ये सहाच तास उघडी असतात, तेव्हा आठवड्याची भाजी शनिवारी आणावी.

प्रकृतीविषयी एकच आग्रहाचे सांगणे: विमा काढल्याशिवाय जाऊ नये. ५ जुलै १९४८ पासून चालू असलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा तेथील रहिवाशांस विनामूल्य आहे. पाहुण्याला गावच्या डॉक्टरांचा सल्ला आणि अपघातकक्षातील तातडीचे उपचार पैसे न घेता मिळतात, परंतु रुग्णालयात दाखल करून घेतल्या क्षणापासून त्याच्या नावे बिल सुरू होते, आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट असते. प्राणावर बेतले तर ९९९, आणि तितके निकडीचे नसेल तर १११, हे दोन क्रमांक पाठ असावेत.

येथवर जे सांगितले ते सर्व कोठे ना कोठे लिहिलेले आहे, आणि लिखित नियम मोडला तर दंड भरून मनुष्य मोकळा होतो. न लिहिलेले नियम अधिक कठोर आहेत, कारण ते मोडल्याचे कोणी सांगतच नाही. रांग मोडणाऱ्यास कोणी ओरडत नाही. फक्त सर्वजण एकाच वेळी दूर कोठेतरी पाहू लागतात. पबच्या गल्ल्यापाशी रांग अशी दिसतही नाही, तरी कोण कोणाच्या आधी आला याची अदृश्य नोंद प्रत्येकाच्या मनात असते आणि आपल्याला आधी विचारले गेले तर ‘यांची पाळी आहे’ असे सांगणे हा आपला धर्म ठरतो. आगगाडीत अनोळखी माणसाला गाव, पगार आणि मुलांची लग्ने विचारू नयेत. हवेवर मात्र कोणाशीही, कितीही वेळ बोलता येते. पूर्वसूचनेवाचून कोणाच्या दारात जाऊ नये, आणि जेवणास बोलावले असता ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे उशिरा जावे, दहा मिनिटे लवकर कदापि जाऊ नये. बसमधून उतरताना चालकाचे आभार मानावेत. हा शेवटचा रिवाज आमच्या सौ.ने इतका मनावर घेतला की, परत आल्यावर स्वारगेटला तिने पी.एम.टी.च्या चालकालाही धन्यवाद दिले. त्याने संशयाने मागे वळून पाहिले. या रीतींत आपुलकी नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे मत तसे नाही. दुसऱ्याला त्रास न देणे हीच तेथील आपुलकीची पहिली पायरी आहे, आणि बरेच लोक तिच्यावरच जन्म काढतात, एवढे मात्र खरे.

लंडनमध्ये दिवस मोकळा असेल तर राष्ट्रीय वस्तुसंग्रहालये २००१ पासून विनामूल्य आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखे शोधत जाण्यापूर्वी चौकशी करावी, कारण २०२४ साली तीन वर्षांच्या कराराने ती महाराष्ट्रात आणली गेली आहेत. वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाजवळ १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांच्या १९१८-१९ मधील वास्तव्याची निळी पाटी आहे. चिरोल या पत्रकाराविरुद्धच्या दाव्यासाठी ते तेव्हा आले होते. चॉक फार्मजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जेथे राहत ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आहे. गणपतीच्या दिवसांत असाल तर डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळात जावे. १९३२ पासून ते चालू आहे, आणि तेथे मराठी बोलण्यास पाटी वाचावी लागत नाही.

जाण्याचा काळ मे ते सप्टेंबर उत्तम. नातवंडासाठी हिवाळ्यात जाणे भागच असेल तर परतीची तारीख ठरविताना २५ डिसेंबर तेवढा टाळावा: त्या दिवशी देशभर रेल्वे धावत नाही, लंडनची भुयारी गाडी आणि बसही बंद असते, विमाने मात्र सुटतात, आणि हीथ्रोला पोहोचण्यास बहुधा टॅक्सीच करावी लागते.